मांडव नसताना

भिवंडीजवळच्या अंजूरची ठकुबाई धवलारीण होती. धवलारीण म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. तिच्या गाण्यावर हळद दळली जायची, तिच्या गाण्यावर नवरीच्या अंगाला ती लागायची, आणि तिच्या गाण्यानंच देव मांडवात येऊन बसायचे. आधी गावदेवी, मग खाडीवरचा, मग डोंगरावरची आई, आणि सगळ्यांच्या मागून घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. लग्न उरकलं, मांडव उतरला, की त्या सगळ्यांना जेवल्या हातानं परत पाठवायचं गाणंही तिचंच.

हे गाणं एकटीचं नसतं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. पहिलीचा श्वास संपतो तिथं दुसरीचा सुरू व्हायचा, म्हणजे सूर जमिनीला टेकत नाही. ठकुबाई टाकायची, सीताबाई उचलायची. उभा जन्म असाच गेला दोघींचा. सीताबाईचा आवाज जाडाभरडा, कांडलेल्या तांदळासारखा, पण कधी ओळ चुकली नाही की कधी उशिरा आली नाही.

सीताबाई गेली आणि ठकुबाईची ओळ उचलायला कुणी राहिलं नाही. तसं आता टाकायला तरी कुठं बोलावणं होतं? लग्नं होत होती, पूर्वीपेक्षा मोठी होत होती. पण हॉलमध्ये. तिथं भटजी माइकवर बोलायचे आणि हळदीला डीजे असायचा. त्या डीजेची निम्मी गाणी ठकुबाईच्याच नातवाची, मितेशची. साऱ्या पट्ट्यात हळद म्हटली की मितेशचं गाणं. ठकुबाई दारात बसली की गोदामाकडं जाणाऱ्या टेम्पोतून नातवाचा आवाज यायचा आणि वळणावर दिसेनासा व्हायचा.

घर मोठं होतं. शेताच्या जागी गोदामं उभी राहिली तेव्हा मुलानं, रघूनं, दोन मजली बंगला बांधला. खाली-वर खोल्या, चकचकीत लाद्या, दाबली की पाखरासारखी बोलणारी बेल. मग पोरांच्या शाळेसाठी रघू ठाण्याला गेला. नवरा लडकू तर बंगल्याचा रंग सुकायच्या आधीच गेला होता. ठकुबाई एका खोलीत निजायची आणि बाकीच्या खोल्या झाडायची. बेल कुणी वाजवत नसे. कधीमधी तीच बाहेर जाऊन दाबायची, बंद तर पडली नाही ना म्हणून.

अशात एका सकाळी मितेशचा फोन आला.

"आजी, भिवंडीला एक मॅडम हायत. धम्मदिना मॅडम. कॉलेजात शिकवतान. कलाकार नि अभ्यासक लोकांना बोलावतान नि गप्पा मारतान. गाणी, सिनेमे, देवधर्म, सगळ्यावर. यूट्यूबवर टाकतान. तुला बोलावलाय."

"मना? माझं काय हाय तिथं?"

"तू धवलारीण ना. नि मी पण हाय सोबत."

"मग तूच बोल. तुझा तोंड लय चालतं."

"आजी, नाटक नको. शुक्रवारी रिक्षात बस नि ये."

शुक्रवारीच, कारण ती खोली कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यावर होती. इतर दिवशी खालच्या लूमच्या खडखडाटात माणसाला आपलाच शब्द ऐकू येत नसे. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. तेवढ्या एका दिवशी ती खोली बोलण्याजोगी व्हायची, म्हणून धम्मदिनाचे सगळे पाहुणे शुक्रवारचे.

ठकुबाई जिना चढून वर आली तेव्हा तिला आधी ती शांतताच जाणवली. भिंतींना गोधड्या लावलेल्या, मध्ये गालिचा, चार माइक. धम्मदिना चाळिशीची असेल, बारीक, पांढरी सुती साडी, केस मागे बांधलेले. तिनं वाकून नमस्कार केला नाही, पण ठकुबाईचा हात दोन्ही हातांत धरला आणि जरा वेळ सोडला नाही. ठकुबाईच्या लक्षात आलं की या बाईचे हात थंड आहेत. एकटं जेवणाऱ्या माणसाचे असतात तसे.

मितेश आधीच येऊन बसला होता. चौथे होते मिलिंद सर. लोकगीतांवर त्यांनी पीएचडी केली होती.

"जय भीम, मॅडम. आजी, नमस्कार. तुमच्याबद्दल मी फार ऐकलंय."

"चांगला ऐकलाव का वाईट?"

"दोन्ही. तुम्ही म्हणे एका नवऱ्याला मांडवातून उठवलं होतंत."

"पिऊन आल्ता. देव बसलेत समोर, नि हा डुलतोय. मग काय करणार?"

हसणं झालं, चहा झाला. चहा आणणारा भय्या दारातून म्हणाला, "अम्मा, शक्कर कम है, बोलना हो तो बोलो." त्यालाही हसले. मग धम्मदिनानं माइक सुरू केले आणि मितेशकडं वळली.

"मितेश, तुझं गाणं आधी कुठून येतं? शब्दातून?"

"न्हाय मॅडम. आधी ठोका. लोकांचे पाय हलले पायजेत. शब्द मागून येतान."

"आणि श्रद्धा?"

"ती हाय ना. स्टुडिओत गावदेवीचा फोटो हाय. पण खरं सांगू? गाणं चालणार की न्हाय, ते देवीला पण म्हाईत नसतं."

मिलिंद सर पुढं सरकले. "मला वाटतं, धवळे, म्हणजे आजींची ही लग्नातली गाणी, हे त्या काळचं लोकप्रिय गाणंच होतं. आज मितेशचं आहे तसं. देव हा त्यातला एक धागा. उद्या श्रद्धा बाजूला काढून ठेवली तरी कला उरतेच की."

"सर," ठकुबाई म्हणाली, "लग्नातून नवरी बाजूला काढली तर काय उरल?"

सरांनी खरोखर विचार केला. "जेवणावळ उरेल, आजी. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ लोक तेवढ्यासाठीच येतात."

ठकुबाईला माणूस आवडला. तीही पदर तोंडाला लावून हसली.

धम्मदिना हसली, पण तिचं लक्ष ठकुबाईवरच होतं. "आजी, तुम्ही इथं कोणतं गाणं म्हणाल आणि कोणतं नाही, ते आधीच सांगा. मी आग्रह करणार नाही."

"हळद दळायचं म्हणेन. नवरीला न्हाऊ घालायचं म्हणेन. बोलावण्याचं न्हाय म्हणणार. ते मांडवातच. मांडव नसताना बोलावलं, तर आल्यावर त्यांना बसवायचं कुठं? पाहुणा बोलावून दार लावून घेतल्यासारखं व्हतं ते."

"बरोबर," धम्मदिना म्हणाली, आणि खरंच आग्रह केला नाही. हळदीचं गाणं झालं, न्हाणाचं झालं. मितेशनं मांडीवर ठोका धरला, सर काहीतरी लिहीत राहिले. सगळं नीट चाललं होतं. सीताबाईचं नाव धम्मदिनानं मितेशकडून ऐकलं होतं. तिनं विचारलं, सहज, दुसऱ्याला पाणी विचारावं तसं:

"सीताबाई कशा गायच्या?"

इतक्या दिवसांत ठकुबाईला हे कुणी विचारलं नव्हतं. सीताबाई कशानं गेली ते विचारलं, किती वय होतं ते विचारलं. कशी गायची, हे नाही.

"सीता ना? ती अशी... मी अशी ओळ टाकायची, नि मग ती..." सांगता येईना. आंब्याचा वास सांगता येत नाही तसं. "थांब, दाखवते."

आणि दाखवायला म्हणून तिनं ओळ टाकली. वर्षानुवर्षं दोघींनी मांडवात बसल्यावर जी पहिली टाकली होती, तीच जिभेवर आली:

*खाडीच्या पान्या, वाट दे गो,*
*मांडवा देव येतान गो...*

ओळ गेली आणि खोलीत काहीच आलं नाही. गोधड्यांनी सूर पिऊन टाकला. ठकुबाईनं तेवढी जागा सोडली, सीताबाईच्या श्वासाएवढी, आणि त्या जागेत तिला सीताबाई इतकी स्वच्छ ऐकू आली की दुसरी ओळ आपसूक सुटली. मग तिसरी. गाणं हे उताराचं पाणी, ते मधेच कसं थांबणार? गावदेवी आली, खाडीवरचा आला, डोंगरावरची आई आली. मग गेलेली माणसं. सासू आली, सासरा आला. लडकू आला. आणि शेवटी, डोळे मिटलेल्या ठकुबाईनं, कुठल्याच मांडवात आजवर न घेतलेलं नाव घेतलं. सीता, तू पण ये गो.

डोळे उघडले तर समोर चार माइक.

"आजी! कडक!" मितेश ओरडला. "हेच पायजे मना. खाली एक ढोल टाकतो नि..."

"गप रे." ठकुबाईचा चेहरा उतरला होता. तिनं खोलीभर पाहिलं, दाराकडं पाहिलं. "अग बाय. मी बोलावलं की सगळ्यांना."

मितेश हसला. सर हसणार होते, पण धम्मदिनाकडं पाहून थांबले. ती हसली नव्हती. तिनं माइक बंद केले.

"आजी, मी देव मानत नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "पण माझ्या खोलीत, माझ्या प्रश्नामुळं तुम्ही पाहुणे बोलावलेत. आता काय करावं लागेल?"

"घरी न्यावं लागल. जेवू घालावं लागल. नि गाऊन परत पाठवावं लागल."

परतीच्या रिक्षात ती एकटीच बसली. नाक्यावर रिक्षावाल्यानं मागं पाहिलं. "मावशी, सरका जरा. अंजूरचा अजून एक हाय."

"भरलीय रं," ठकुबाई म्हणाली. "सगळी रिक्षा माझीच धर."

रिक्षावाल्यानं रिकाम्या सीटकडं पाहिलं, मग आरशात तिच्याकडं पाहिलं, आणि गाडी काढली.

घरी येऊन ती कामाला लागली. तांदळाच्या पिठाचे वडे, खीर देवांना. लडकूला बोंबील, कारण खिरीवर त्याचं कधी भागलं नाही. सीताबाईला ठेचा, डोळ्यातून पाणी काढणारा. वरच्या खोल्या उघडल्या, चादरी घातल्या. गावदेवीला पूर्वेची खोली, डोंगरावरच्या आईला वारा लागतो म्हणून गच्चीलगतची. पानं मांडली. सीताबाईला मात्र तिनं स्वयंपाकघरातच बसवलं, आपल्यासमोर.

"बस गो. तुला काय पाहुण्यासारखं वर धाडणार हाय का मी?"

रीत अशी की दुसऱ्या दिवशी, सूर्य कलायच्या आत, निरोपाचं गाणं म्हणायचं. ठकुबाई सकाळी उठली, अंघोळ केली, गायला बसली. आणि मग तिला वाटलं, खाडीवरच्या देवानं काल नीट खाल्लं नाही. आज जरा कोळंबी करू. उद्या पाठवू.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या आईला विश्रांती हवी वाटली. त्याच्या पुढच्या दिवशी ढग होते.

घरात बोलणं सुरू झालं. ठकुबाईचंच, पण आता त्याला समोर कुणी होतं. जिना चढताना ती "आले आले" म्हणायची. भाजी चिरताना सीताबाईला गावच्या गोष्टी सांगायची, कुणाची सून निघून गेली, कुणाच्या शेतात आता कंटेनर उभे राहतात. बेल वाजवून पाहायची तिला आठवणही राहिली नाही. पाहुणे आलेलेच होते, मग आणखी कुणाची वाट बघायची?

तरी मनात एक काटा होता. बोलावलेल्याला अडकवून ठेवू नये, हे तिच्या सासूनं तिला गाणं शिकवायच्या आधी शिकवलं होतं. देवांना त्यांची कामं असतात. गेलेल्यांना त्यांची वाट असते. मांडव उतरल्यावर पाहुणे ठेवून घेणारं घर सुखी राहत नाही. हे तिनं किती घरांना सांगितलं होतं, ठणकावून. आता स्वतःला सांगायची वेळ आली, तर ती ऐकू न आल्यासारखं करत होती.

धम्मदिनाचा फोन आला. "आजी, गेले का पाहुणे?"

"न्हाय गं बाय. हायत अजून."

"शुक्रवारी येऊ का मी?"

"तुझ्या गप्पा असतान ना शुक्रवारी?"

"या शुक्रवारी तुमच्याशीच मारते."

ती दुपारी आली. बेल वाजली, पाखरू बोललं, आणि ठकुबाई इतकी दचकली की हातातला तांब्या पडला. धम्मदिनानं घर पाहिलं. उघड्या खोल्या, चादरी, मांडलेली पानं. कशालाच हात लावला नाही. स्वयंपाकघरात आली आणि रिकाम्या पाटाशेजारी, जमिनीवर बसली.

"त्या पाटावर कोण आहे?"

"सीता."

"बरं," धम्मदिना म्हणाली, आणि पाटाला पाय लागू नये म्हणून जरा सरकून बसली. मग म्हणाली, "मी एक विचारायला आलेय. ते रेकॉर्डिंग. माझ्याकडं इतके मोठे लोक येऊन बोलून गेले, पण तुमच्या त्या गाण्यासारखं काही मिळालं नाही मला. मितेशचा रोज फोन येतो, म्हणतो टाका म्हणून. तुम्ही सांगाल ते करते."

ठकुबाईनं चुलीवरचं झाकण सरकवून पाहिलं.

"टाकलंस तर कोणपण, कवापण ऐकणार?"

"हो."

"म्हणजे कोण ट्रकवाला रात्री बटन दाबल, नि माझे देव त्याच्या ट्रकच्या मागं धावतील. तिथून कोण रिक्षावाला दाबल, की तिकडं. त्यांना वाटल, मांडव हाय. नि मांडव कुठंच न्हाय." तिनं मान हलवली. "काढून टाक पोरी. तुझं नुकसान होतंय, कळतंय मना."

"काढते," धम्मदिना म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता, पण तिनं शब्द फिरवला नाही. "पण आजी, मग इथले? हेही तर मांडव नसताना बसलेत."

ठकुबाईला याचं उत्तर माहीत होतं. म्हणून ती रागावली. "तुला काय? तू मानतच न्हायस. तुझं घर भरलेलं असंल."

"आई गेल्यापासून मी एकटीच असते. चंपा नाव तिचं." धम्मदिना जमिनीवरच्या लादीशी बोलल्यासारखी बोलली. "दळताना ओव्या म्हणायची. तिच्या आईच्या ओव्यांत देव होते, हिनं ते सगळे काढले आणि बाबासाहेब घातले. चाल तीच ठेवली. मी त्यातच वाढले. माणसांना बोलावून बोलतं करते ना, ते मला वाटतं त्याचसाठी. घरी गेलं की कुणी बोलत नाही. एकदा आईचं पातळ खुर्चीवर टाकून जेवायला बसले होते मी. बरं वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी घडी करून ठेवून दिलं."

"कशाला? बरं वाटत व्हतं ना?"

"खूप बरं वाटत होतं. म्हणूनच."

बाहेर एक कंटेनर मागं येताना पीं-पीं करत राहिला. तो थांबला तेव्हा ठकुबाई उठली. हातपाय धुतले. लुगडं नीट केलं. पुढच्या खोलीत भिंतीशी बसली.

"माझी ओळ उचलशील?"

धम्मदिनानं मान हलवली, नाही अशी. "देवांची नावं मी तोंडानं घेणार नाही, आजी. आईला दिलेला शब्द आहे. पण बसते. शेवटपर्यंत बसते."

"बस मग. देव काय, मी एकटी पण पोचवीन. पण लडकू नि सीता तर माणसं व्हती. त्यांची नावं घ्यायला तुझ्या आईची ना न्हाय ना?"

धम्मदिनाला याचा विचार करावा लागला. "नाही," ती म्हणाली. "माणसांना तिची कधीच ना नव्हती."

ठकुबाईनं गायला सुरुवात केली.

*जेवलात देवा, हात धुवा गो,*
*आल्या वाटनं सुखी जावा गो...*

गावदेवीची ओळ टाकली आणि जागा सोडली. कुणी उचलली नाही. पण भिंतीशी एक बाई श्वास धरून बसली होती, आणि ती जागा भिवंडीच्या खोलीतल्यासारखी रिती वाटली नाही. खाडीवरचा गेला. डोंगरावरची आई गेली. सासू गेली, सासरा गेला.

*जेवला लडकू, हात धुवा गो...*

जागा सोडली. आणि त्या जागेत दुसरा आवाज आला. उशिरा आला, सूर चुकलेला, शहरी, पुस्तकी, पण आला. *आल्या वाटनं सुखी जावा गो.* ठकुबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तो आवाज सीताबाईचा नाही हे दिसलं असतं.

मग तिनं तोंड उघडलं आणि पुढची ओळ येईना. धम्मदिना थांबली. घाई केली नाही. सूर्य गोदामाच्या पत्र्यावर उतरायला लागला, कलायला थोडंच राहिलं होतं. ठकुबाईनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, पाटाचा एक कोपरा तिथून दिसत होता.

"लय भांडायची माझ्याशी," ती म्हणाली. "म्हणायची, तूच कायम पुढं, मी कायम मागं. मी म्हणायचे, मागं कोण हाय म्हणून तर पुढं जाता येतं. तर म्हणायची, मग मी गेल्यावर बघ तुझं काय व्हतं."

"काय म्हणालात तुम्ही?"

"म्हटलं, तू कुठं जातंस."

आणि मग, गाण्यात नाही, जवळजवळ बोलण्यातच, तिनं ती ओळ टाकली. *जेवली सीता, हात धुवा गो.* शेवटचा शब्द मोडला. पण ओळ खाली पडायच्या आत धम्मदिनानं ती उचलली, या वेळी वेळेवर.

वरच्या मजल्यावर कुठंतरी वाऱ्यानं एक दार लागलं. ठकुबाईनं ते ऐकलं आणि पदरानं चेहरा पुसला.

"गेले?" धम्मदिनानं विचारलं.

"गेले."

"तुम्हाला कसं कळतं, आजी?"

ठकुबाईनं खोलीभर नजर फिरवली. लाद्यांवरून, जिन्यावरून, थेट वरपर्यंत.

"घर बघ ना," ती म्हणाली. "केवढं झालं."